प्रिंटरचा हजेरी क्रमांक

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिका शाळेत आल्या होत्या आणि शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी कचेरीसमोर मुलांची व पालकांची रांग लागली होती. दाखल्याशिवाय अकरावीचा प्रवेश पक्का होत नाही, त्यामुळे प्रत्येकाला घाई. दाखले संगणकावर तयार होते. ते छापायचे, सही-शिक्का करायचा आणि द्यायचे, एवढेच काम उरले होते. त्यासाठी पंधराच दिवसांपूर्वी शाळेने नवा प्रिंटर घेतला होता. जुना प्रिंटर एकाच संगणकाला तारेने जोडलेला असे. नवा प्रिंटर मात्र शाळेच्या नेटवर्कला जोडला होता, म्हणजे कचेरीतील, मुख्याध्यापकांच्या खोलीतील आणि ग्रंथालयातील अशा सगळ्याच संगणकांवरून त्यावर छपाई करता यावी.

साडेअकराच्या सुमारास भाऊसाहेबांच्या, म्हणजे आमच्या लेखनिकांच्या, संगणकावरून छपाई होईनाशी झाली. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद भरलेला, शाई भरलेली. पण पडद्यावर संदेश येई की प्रिंटर सापडत नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी मुख्याध्यापकांच्या संगणकावरून छपाई व्यवस्थित होत होती! थोड्या वेळाने उलटे झाले. भाऊसाहेबांचे चालू, मुख्याध्यापकांचे बंद. विज्ञान शिकवतो म्हणून मला बोलावणे आले. मीही सगळे जे करतात तेच केले. तार काढून पुन्हा लावली, प्रिंटर बंद करून चालू केला. दहा मिनिटे बरे चालले आणि पुन्हा तोच प्रकार.

रांगेत दूरच्या वाडीवरून आलेली एक माय-लेकरांची जोडी होती. त्यांची परतीची एस.टी. एक वाजता. शेवटी ग्रंथालयातून जुनी तार शोधून काढली, प्रिंटर थेट भाऊसाहेबांच्या संगणकाला जोडला आणि त्या दिवसाची वेळ निभावून नेली. बिघाडाचे कारण मात्र दुसऱ्या दिवशी सापडले. प्रिंटरमध्ये काहीच बिघडले नव्हते. तो बसवताना त्याला जो पत्ता दिला गेला, त्यात चूक होती. आणि ती चूक पंधरा दिवस दडून बसली होती.

आता पुष्कळ शाळांत नेटवर्कला जोडलेली चार-पाच यंत्रे असतात. प्रिंटर असतो, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र असते, बोटाच्या ठशाने हजेरी घेणारे यंत्र असते. नवे यंत्र आले की त्याला पत्ता द्यावा लागतो. हा पत्ता म्हणजे नेमके काय आणि तो कसा दिला जातो, हे समजून घेतले तर असले बिघाड टाळता येतात. शिवाय त्यात आठवी-नववीच्या मुलांना आवडेल असे गणितही आहे.

एका यंत्राला दोन पत्ते

आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला दोन क्रमांक असतात. एक जनरल रजिस्टरचा. मूल शाळेत दाखल झाले त्या दिवशी तो मिळतो आणि शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. दुसरा हजेरी क्रमांक. तो इयत्ता आणि तुकडी यांच्यासह सांगावा लागतो: आठवी ब, हजेरी क्रमांक २३. पुढच्या वर्षी तुकडी बदलली की तो बदलतो.

दोन क्रमांक कशाला हवेत? समजा, एका मुलाला कचेरीत बोलावायचे आहे. शिपाईमामांच्या हाती नुसता जनरल रजिस्टरचा क्रमांक दिला, तर त्यांना शाळेतल्या सगळ्या वर्गांतून हिंडावे लागेल, कारण त्या क्रमांकावरून मूल कोणत्या वर्गात बसते हे कळत नाही. ‘आठवी ब, २३’ म्हटले की ते सरळ त्या वर्गाच्या दारात जाऊन उभे राहतात.

नेटवर्कवरील यंत्रांचेही असेच आहे. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क-जोडणीला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. त्याला भौतिक पत्ता म्हणू. तो ४८ बिटांचा असतो. म्हणजे ० आणि १ यांच्या ४८ जागा. असे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. यातील पहिले २४ बिट उत्पादकाचे असतात, आय.ट्रिपल.ई. ही अभियंत्यांची संस्था ते वाटून देते. उरलेले २४ बिट उत्पादक आपल्या प्रत्येक नगाला वेगळे देतो. या क्रमांकावरून यंत्र कोणी बनवले ते कळते, पण ते आज कोणत्या गावात, कोणत्या खोलीत आहे ते कळत नाही. हा झाला यंत्राचा जनरल रजिस्टर क्रमांक.

दुसरा क्रमांक म्हणजे आय.पी. पत्ता. हा ३२ बिटांचा असतो आणि यंत्र ज्या नेटवर्कला जोडले जाते त्या नेटवर्कप्रमाणे ठरतो. हा त्याचा हजेरी क्रमांक. लिहायला सोपे जावे म्हणून ३२ बिटांचे आठ-आठचे चार गट करतात आणि प्रत्येक गट आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहून मध्ये टिंब देतात. आठ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. म्हणून १९२.१६८.१.१०५ हा पत्ता होऊ शकतो, पण १९२.१६८.१.३०० हा होऊ शकत नाही. तसे का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

वर्ग कोणता आणि क्रमांक कोणता?

‘आठवी ब, २३’ यात वर्ग कोठे संपतो आणि क्रमांक कोठे सुरू होतो हे स्वल्पविराम सांगतो. पिनकोडमध्येही अशी विभागणी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी क्रमांकात पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्यातील टपाल कार्यालय. दूरच्या टपाल कार्यालयाला शेवटच्या तीन अंकांकडे पाहण्याची गरजच पडत नाही.

आय.पी. पत्त्यातही पुढचा भाग नेटवर्क सांगतो आणि मागचा भाग त्या नेटवर्कमधील यंत्र. मात्र विभागणीची रेघ सगळीकडे एकाच जागी नसते. लहान कचेरीला थोडे पत्ते पुरतात, मोठ्या विद्यापीठाला पुष्कळ लागतात. म्हणून रेघ कोठे आहे हे सांगायला आणखी एक संख्या प्रत्येक यंत्राला द्यावी लागते. तिला सबनेट मास्क म्हणतात. लहान कचेऱ्यांत ती बहुधा २५५.२५५.२५५.० अशी असते.

ही संख्या विचित्र वाटते, पण द्विमान पद्धतीत लिहिली की तिचा अर्थ लगेच उलगडतो:

११११११११ . ११११११११ . ११११११११ . ००००००००

जेथे १ आहे तो नेटवर्कचा भाग, जेथे ० आहे तो यंत्राचा. पत्ता आणि मास्क एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येक स्तंभात गुणाकार करायचा. १ गुणिले १ म्हणजे १, बाकी सगळे ०. उत्तर येते ते नेटवर्कचे नाव. १९२.१६८.१.१०५ साठी ते १९२.१६८.१.० येईल आणि १९२.१६८.१.३७ साठीही तेच येईल. म्हणजे ही दोन यंत्रे एकाच वर्गातली. अशा नेटवर्कमध्ये शेवटच्या गटाच्या २५६ संख्या होतात, पण ० हे नेटवर्कचे नाव आणि २५५ हे ‘सर्वांना’ उद्देशून पुकारण्यासाठी राखलेले. उरतात २५४.

संगणक काही पाठवण्यापूर्वी दर वेळी हे गणित करतो. समोरचे यंत्र आपल्याच वर्गातले असेल, तर त्याला सरळ हाक मारायची. दुसऱ्या वर्गातले असेल, तर निरोप राउटरकडे सोपवायचा. राउटर म्हणजे वर्गाबाहेर निरोप नेणारा. त्याचाही पत्ता यंत्राला ठाऊक असावा लागतो. यंत्रात तो ‘गेटवे’ या नावाच्या रकान्यात भरतात.

मास्क चुकला तर काय होते पाहा. समजा, प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.२०० आहे आणि त्याला चुकून २५५.२५५.२५५.१२८ असा मास्क दिला. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.३७ आणि त्याचा मास्क बरोबर आहे. संगणकाच्या मते प्रिंटर आपल्याच वर्गात आहे, म्हणून तो सरळ निरोप देतो आणि तो पोचतोही. आता प्रिंटर उत्तर देण्यापूर्वी आपले गणित करतो. २०० म्हणजे ११००१०००, ३७ म्हणजे ००१००१०१ आणि १२८ म्हणजे १०००००००. प्रिंटरचे उत्तर येते १२८, संगणकाचे येते ०. ‘हा तर परक्या वर्गातला!’ असे ठरवून प्रिंटर राउटरला शोधू लागतो. पण राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर तोही त्याच्या लेखी परक्याच वर्गात. त्यामुळे उत्तर निघतच नाही. पत्र पोचले पण उत्तर आले नाही, असा हा प्रकार. वरवर पाहता प्रिंटर मुका वाटतो; खरे म्हणजे त्याला आपल्या वर्गाची हद्दच चुकीची सांगितलेली असते.

‘२३ नंबर कोण?’

एकाच वर्गातल्या यंत्राला हाक कशी मारतात? तार किंवा वायफाय यांना आय.पी. पत्ता समजत नाही. त्या पातळीवर भौतिक पत्ताच चालतो. मग १९२.१६८.१.१०५ चा भौतिक पत्ता कोणता हे कसे कळायचे?

उत्तर अगदी साधे आहे. संगणक सगळ्या वर्गाला उद्देशून पुकारतो, ‘१०५ क्रमांक कोणाचा? त्याने आपला भौतिक पत्ता सांगावा.’ ऐकतात सगळे, पण ज्याचा तो क्रमांक तोच उत्तर देतो. या पद्धतीला ए.आर.पी. असे नाव आहे. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली ती लिहून प्रसिद्ध केली आणि आजही आपल्या कचेऱ्यांतून तीच वापरली जाते. मिळालेले उत्तर संगणक आपल्या एका तात्पुरत्या वहीत टिपून ठेवतो, म्हणजे दर वेळी ओरडावे लागत नाही. काही वेळाने ती नोंद जुनी समजून पुसतो आणि गरज पडली की पुन्हा विचारतो.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: एका क्रमांकाला एकच उत्तर येईल. उत्तर देणारा खरा की खोटा, हे तपासण्याची सोय तीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

पत्ता वाटणारा

सुरुवातीच्या काळात प्रत्येक यंत्राला पत्ता हातानेच द्यावा लागे. एक माणूस वही घेऊन बसे आणि कोणाला कोणता क्रमांक दिला ते लिहून ठेवी. यंत्रे वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी यंत्र सुरू होतानाच त्याला पत्ता मिळावा अशी बूटपी नावाची पद्धत मांडली. तिच्याच पायावर राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने १९९३ साली डी.एच.सी.पी. ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे १९९७ सालचे सुधारित रूप आज घरोघरीच्या राउटरमध्ये असते.

या पद्धतीत पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो; भाड्याच्या खोलीसारखा. देवघेव चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी विचारणा. नवे यंत्र सुरू होते तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो आणि वाटणाऱ्याचाही ठाऊक नसतो. म्हणून ते ०.०.०.० या रिकाम्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या ‘सर्वांना’ असलेल्या पत्त्यावर विचारते, ‘कोणी पत्ता देता का?’ आपली ओळख पटावी म्हणून सोबत आपला भौतिक पत्ता लिहिते.

दुसरी पायरी देकार. वाटणारा, म्हणजे बहुधा राउटरच, आपल्याकडील शिल्लक क्रमांकांतून एक सुचवतो. सोबत मास्क, गेटवेचा पत्ता आणि मुदतही कळवतो.

तिसरी पायरी मागणी. यंत्र म्हणते, ‘मला हा क्रमांक हवा.’ देकार मिळाल्यावर पुन्हा मागणी कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. कारण असे की वाटणारे एकाहून अधिक असू शकतात. यंत्र एकाचाच देकार स्वीकारते आणि तसे सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने सांगते. मग बाकीचे आपले क्रमांक परत शिलकेत टाकतात.

चौथी पायरी मान्यता. वाटणारा वहीत नोंद करतो आणि होकार कळवतो. यानंतरच यंत्राने तो पत्ता वापरायचा.

मुदत २४ तासांची असेल, तर अर्धी म्हणजे १२ तास झाल्यावर यंत्र त्याच वाटणाऱ्याकडे मुदतवाढ मागते. उत्तर आले नाही, तर २१ तासांनी, म्हणजे सात-अष्टमांश मुदत संपल्यावर, सगळ्यांनाच विचारू लागते. यंत्र निघून गेले आणि मुदत संपली, की क्रमांक पुन्हा वाटायला मोकळा.

विचारणेला कोणीच उत्तर दिले नाही तर? तेव्हा पुष्कळ यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता स्वतःच घेतात. ही सोय २००५ साली प्रमाणित झाली. आपल्या प्रिंटरवर असा पत्ता दिसला, तर समजावे की त्याची हाक वाटणाऱ्यापर्यंत पोचलेली नाही. तार सैल असेल, किंवा राउटर बंद असेल.

आमचे काय चुकले होते

आता आमच्या प्रिंटरकडे वळू. तो बसवणाऱ्या कारागिराने त्याला १९२.१६८.१.१०५ हा पत्ता हाताने दिला होता. मास्क बरोबर होता, गेटवे बरोबर होता. त्या दिवशी १०५ क्रमांक रिकामा होता, त्यामुळे छपाईही झाली. त्याने चाचणीचा कागद दाखवला आणि तो गेला. पण आमचा राउटर १०० ते १९९ हे क्रमांक आपोआप वाटत असे. १०५ परस्पर कोणी घेतला आहे हे राउटरच्या वहीत कोठेच लिहिलेले नव्हते. रजेवरून आलेल्या मुलासाठी एका शिक्षकाने तोंडी ‘तू २३ नंबर घे’ म्हणावे आणि हजेरीपटावर त्याची नोंदच नसावी, तसे झाले.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत दोन-तीनच संगणक चालू असत, म्हणून १०५ पर्यंत पाळीच आली नाही. जूनमध्ये सगळे शिक्षक हजर झाले. प्रत्येकाच्या खिशात फोन, काहींच्या पिशवीत लॅपटॉप. वाटप पुढे सरकत गेले. चांगला राउटर क्रमांक देण्यापूर्वी त्यावर कोणी आहे का याची एकदा चाचपणी करतो. पण त्या दिवशी सकाळी कचेरी उघडायची होती आणि प्रिंटर बंद होता. चाचपणी केली असली, तरी उत्तर कोण देणार? १०५ क्रमांक एका सहकारी बाईंच्या लॅपटॉपला मिळाला. त्यानंतर भाऊसाहेबांनी येऊन प्रिंटर चालू केला.

आता एका वर्गात एकाच हजेरी क्रमांकाचे दोघे. ‘१०५ कोणाचा?’ या हाकेला दोघेही ओ देत. ज्या संगणकाच्या वहीत प्रिंटरची नोंद टिकली त्याची छपाई होई. ज्याच्या वहीत लॅपटॉपची नोंद पडली त्याचा दाखला लॅपटॉपच्या दारात जाई आणि तेथे तो घेणारे कोणीच नसे. नोंद पुसली जाऊन पुन्हा विचारणा झाली, की पारडे कधी इकडे तर कधी तिकडे झुके. प्रिंटर बंद करून चालू केल्यावर तो आपली जाहिरात करी, म्हणून दहा मिनिटे बरे चाले. कधी हा संगणक, कधी तो, हे कोडे असे सुटले.

हे सापडले कसे? भाऊसाहेबांच्या आणि मुख्याध्यापकांच्या संगणकांवर ए.आर.पी.ची वही उघडून पाहिली. विंडोजच्या काळ्या आज्ञापटलावर ‘एआरपी’ ही अक्षरे, मग एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि ‘ए’ हे अक्षर टंकले, की ती समोर येते. दोन्हीकडे १०५ समोर वेगवेगळे भौतिक पत्ते होते. त्यातला एकच प्रिंटरच्या पाठीवरील पट्टीशी जुळत होता. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो सर, काल पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी सूचना आली होती खरी. पण ती इंग्रजीत होती आणि माझा तास सुरू व्हायचा होता, म्हणून मी बंद केली.’ ती सूचना नेमकी याच गोष्टीची होती: तुमचाच पत्ता दुसरे एक यंत्रही वापरत आहे.

प्रिंटर आणि फोन यांत फरक

मग प्रिंटरलाही राउटरकडूनच पत्ता घेऊ दिला तर? भांडण टळेल, पण दुसरी अडचण येईल. फोन स्वतः इतरांकडे जातो, त्याच्याकडे कोणी येत नाही. त्याचा पत्ता आज एक आणि उद्या दुसरा असला तरी कोणाचे अडत नाही. प्रिंटर मात्र जागेवर बसून असतो आणि सगळे त्याच्याकडे जातात. पुष्कळदा संगणकांनी त्याचा पत्ता पाठ केलेला असतो. लांब सुटीनंतर तो बदलला, तर सगळे जुन्याच दारावर थाप मारत राहतील. ज्याच्याकडे इतरांना जायचे असते त्याचा पत्ता स्थिर हवा, हा नियम. कॅमेऱ्यांचे यंत्र आणि हजेरीचे यंत्र यांनाही तो लागू आहे.

स्थिर पत्ता देण्याचे दोन बिनधोक मार्ग आहेत.

पहिला: यंत्राला हातानेच पत्ता द्यावा, पण वाटपाच्या हद्दीबाहेरचा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल, तर प्रिंटरला ५० द्यावा. राउटरचा स्वतःचा क्रमांक, ० आणि २५५ हे मात्र वर्ज्य.

दुसरा आणि अधिक सोयीचा: राखीव पत्ता. प्रिंटरला आपोआप पत्ता घेऊ द्यावा, पण राउटरमध्ये नोंद करावी की हा भौतिक पत्ता असलेले यंत्र आले, की त्याला नेहमी हाच क्रमांक द्यायचा. म्हणजे पत्ता स्थिर राहतो आणि सगळी नोंद एकाच वहीत राहते. पुढे राउटरची मांडणी बदलली, तरी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन आकडे बदलावे लागत नाहीत. येथे एक चूक हमखास होते. ज्या प्रिंटरला तारेची आणि वायफायची अशा दोन्ही जोडण्या असतात त्याचे भौतिक पत्तेही दोन असतात. आपण जी जोडणी वापरतो तिचाच पत्ता नोंदवावा. तो प्रिंटरमधून छापून निघणाऱ्या माहितीच्या पानावर मिळतो.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. मग प्रिंटर आणि तिन्ही संगणक बंद करून चालू केले, प्रत्येकावरून एकेक पान छापून पाहिले आणि सगळ्यात महत्त्वाचे काम केले: जडवस्तू नोंदवहीत प्रिंटरच्या नोंदीपुढे त्याचा भौतिक पत्ता, आय.पी. पत्ता आणि राउटरचे वाटप कोठून कोठपर्यंत आहे ते लिहून ठेवले. कारागीर बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात. वही कचेरीत राहते. आणखी एक पथ्य: वायफाय पोचत नाही म्हणून कोणी घरचा जुना राउटर आणून जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि एका वर्गाला दोन हजेरीपट होतात. त्यातले वाटप बंद केल्याशिवाय तो जोडू नये.

पत्ते पुरतात का?

३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. १९८१ साली जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली हा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा ही संख्या प्रचंड वाटत होती. ३२ बिट निवडणाऱ्या व्हिंटन सर्फ यांनी पुढे सांगितले आहे की तो निर्णय १९७७ सालचा आणि एका प्रयोगापुरता होता. प्रयोग संपलाच नाही! ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट वाटून झाले.

तरी आपल्या शाळेच्या प्रिंटरला पत्ता मिळतो, कारण १९९४ साली काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ‘आठवी ब, २३’ हा क्रमांक जसा प्रत्येक शाळेत असतो आणि तरी गोंधळ होत नाही, तसे हे पत्ते लाखो कचेऱ्यांत एकाच वेळी वापरले जातात. बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर सगळ्यांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता वापरतो. यावरचा खरा उपाय म्हणजे १२८ बिटांचे नवे पत्ते. त्यांचा पहिला आराखडा १९९५ सालचा आहे आणि आज जुने व नवे पत्ते शेजारी शेजारी नांदत आहेत.

वर्गात करून पाहा

हा खेळ एका तासात होतो. एका विद्यार्थ्याला ‘वाटणारा’ करा. त्याला १ ते १० क्रमांकांच्या चिठ्ठ्या आणि एक वही द्या. आठ विद्यार्थी ‘यंत्रे’ होतील. प्रत्येकाचा जनरल रजिस्टर क्रमांक हा त्याचा भौतिक पत्ता. त्यांनी चारही पायऱ्या मोठ्याने बोलून क्रमांक मिळवावा. मग एकाने ‘५ क्रमांक कोण?’ असे विचारावे आणि उत्तर वहीत टिपून त्याला एक चिठ्ठी पोचवावी.

दुसऱ्या फेरीत एका विद्यार्थ्याला आधीच गुपचूप सांगून ठेवा की त्याने वाटणाऱ्याला न विचारता ५ क्रमांक घ्यायचा आणि हाक आली की ओ द्यायची. बाकीच्यांना हे कळू देऊ नका. चिठ्ठ्या चुकीच्या हाती पडू लागतील. आता कारण शोधण्याचे काम वर्गावर सोपवा. नियम एकच: कोणालाही ‘तू चोरून घेतलास का?’ असे विचारायचे नाही. फक्त वह्या ताडून पाहायच्या. दोन वह्यांत एकाच क्रमांकापुढे दोन वेगळे जनरल रजिस्टर क्रमांक सापडतील, तेथे कोडे सुटेल.

आमच्या आठवीच्या वर्गाला यासाठी सात मिनिटे लागली. मला आदल्या वर्षी दीड दिवस लागला होता.